दुबईत मॉलऐवजी एक सकाळ सायकलवर : भाडं, नियम आणि सगळ्या घराला झेपतील अशा फेऱ्या

कोकणातल्या आपल्या घरांसाठी दुबई म्हणजे परदेश कमी आणि मामूचं, चाचाचं नाहीतर जावयाचं गाव जास्त. महाड, खेड, दापोली, श्रीवर्धन, मुरूड, कुठल्याही मोहल्ल्यात विचारा, कुणी ना कुणी ‘गल्फला’ असतोच. त्यामुळे आपण दुबईला जातो ते पर्यटक म्हणून कमी आणि पाहुणे म्हणून जास्त. आणि पाहुणे आले की यजमानाचा हात खिशाकडे जातोच.

आम्हीही जानेवारीत असेच गेलो. अम्मी, आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं, मुक्काम मामूंकडे. पहिले तीन दिवस मॉल, उंच इमारती, पुन्हा मॉल. प्रत्येक तिकीट खिडकीवर आमच्या आधी मामूंचं पाकीट उघडायचं. तिसऱ्या रात्री अम्मी हळूच म्हणाली, “भाईजानचा महिन्याचा पगार आपण आठ दिवसांत संपवणार वाटतं.”

त्यावर मामूंच्या मुलाने सुचवलं, रविवारी सकाळी सायकली भाड्याने घेऊ. मामू हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी दुबईत आले तेव्हा पहिली चार वर्षं ते सायकलवरूनच कामावर जायचे. त्यांच्या हिशोबी सायकल म्हणजे मजबुरी. “पाहुण्यांना सायकलवर फिरवू? गावाकडे काय सांगाल?” असं त्यांचं म्हणणं.

शेवटी ते आले. त्या एका सकाळी आणि नंतरच्या दोन फेऱ्यांत आम्ही जे शिकलो, काही चुका करून शिकलो, ते इथे सविस्तर सांगत आहोत. दुबईला जाणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग होईल.

भाड्याची सायकल दोन तऱ्हेची

पहिली तऱ्हा म्हणजे स्टेशनवरची सायकल. दुबईच्या रस्ते आणि परिवहन प्राधिकरणाने, म्हणजे ‘आरटीए’ने, करीम कंपनीबरोबर फेब्रुवारी २०२० मध्ये ही सेवा सुरू केली. सुरुवातीला ७८ स्टेशनं आणि ७८० सायकली होत्या, पुढे त्या वाढत गेल्या. मोबाईलमध्ये करीमचं अ‍ॅप घ्यायचं, कार्ड जोडायचं, पास विकत घ्यायचा आणि स्टेशनवरची सायकल सोडवून निघायचं. परत करताना तीच जागा लागत नाही, कुठल्याही स्टेशनवर लावली तरी चालते. या सायकलींना पायडल मारताना बॅटरीची मदत मिळते, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसणाऱ्यालाही दम लागत नाही. सांगाडा मधून खाली वाकलेला असल्याने सलवार-कमीज घातलेल्या बाईलाही सहज बसता येतं.

पण ही सायकल मोठ्या माणसांची आहे. बॅटरीची सायकल १६ वर्षांखालच्या मुलाने चालवू नये, असा दुबईचा कायदाच आहे. स्टेशनवर हेल्मेटही मिळत नाही.

दुसरी तऱ्हा दुकानातली. सायकलिंगच्या मोठ्या ट्रॅकजवळ भाड्याने सायकली देणारी दुकानं आहेत. तिथे गिअरची, जाड टायरची, लहान मुलांच्या मापाची सायकल मिळते आणि हेल्मेटही मिळतं. भाडं तासावर किंवा अर्ध्या दिवसावर असतं आणि ओळखपत्र किंवा अनामत मागतात. मुलांच्या सायकली मोजक्याच असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून मापासकट सांगून ठेवावं. ‘नऊ वर्षांचा मुलगा’ एवढंच सांगू नका, उंचीही सांगा.

थोडक्यात, घरात सगळेच मोठे असतील आणि शहरात तासभर फिरायचं असेल तर स्टेशनची सायकल. मुलं बरोबर असतील किंवा अर्धा दिवस बाहेर काढायचा असेल तर दुकानातली.

पंचेचाळीस मिनिटांचा हिशोब

स्टेशनच्या सायकलीचा हिशोब नीट समजून घेतला नाही तर स्वस्त गोष्ट महाग पडते. सेवा सुरू झाली तेव्हा एका दिवसाचा पास २० दिरहमचा होता. एक दिरहम वीस-पंचवीस रुपयांचा धरला तर चारशे-पाचशे रुपये. पास म्हणजे दिवसभर सायकल तुमचीच, असा आमचा समज झाला. तसं नसतं. पासवर कितीही फेऱ्या मारता येतात, पण प्रत्येक फेरी ४५ मिनिटांची. त्यापुढे गेलात की दर अर्ध्या तासाला १० दिरहम वेगळे लागतात. दर बदलू शकतात, म्हणून पास घेण्याआधी अ‍ॅपमध्ये एकदा वाचून घ्या.

यावरची युक्ती सोपी आहे. ४० मिनिटं झाली की जवळच्या स्टेशनवर सायकल लावायची, पाणी प्यायचं, पाच मिनिटं बसायचं आणि नवी सायकल काढायची. मीटर पुन्हा शून्यापासून सुरू होतं. निघण्याआधी अ‍ॅपच्या नकाशावर वाटेतली स्टेशनं बघून ठेवा आणि फोनमध्ये ४० मिनिटांचा गजर लावा. चार माणसं असतील तर चार पास लागतात, हेही आधीच हिशोबात धरा.

आमची चूक दुसरीच होती. आम्ही एक सायकल स्टेशनवर ढकलली आणि चहाला गेलो. ती पक्की बसलीच नव्हती. आमच्या नावावर फेरी चालूच राहिली आणि वरचे पैसे भरावे लागले. सायकल लावल्यावर ती एकदा मागे ओढून बघा, आणि अ‍ॅपमध्ये ‘फेरी संपली’ असं दिसेपर्यंत जागचे हलू नका.

दुकानातून सायकल घेताना वेगळी काळजी. ब्रेक दाबून बघा, टायर हाताने दाबून बघा, सीटची उंची जुळवून घ्या. सायकलवर आधीच ओरखडे असतील तर दुकानदारासमोर मोबाईलवर फोटो काढा. परत करताना वाद होत नाही.

कुठे फिरायचं : चार सोप्या फेऱ्या

दुबई जवळजवळ सपाट आहे, चढ-उतार फारसे नाहीत. सायकलसाठी वेगळे रस्ते आहेत, आणि २०३० पर्यंत त्यांची एकूण लांबी एक हजार किलोमीटरपर्यंत न्यायची सरकारची योजना आहे. सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला पुढचे चार भाग पुरेसे आहेत.

१. दुबई वॉटर कॅनॉल. बिझनेस बे पासून जुमेरामार्गे समुद्राला मिळणारा हा कालवा नोव्हेंबर २०१६ मध्ये खुला झाला. लांबी ३.२ किलोमीटर. काठाने फिरायला आणि सायकल चालवायला जागा आहे, मागे बुर्ज खलिफाची रांग दिसते आणि संध्याकाळी पुलांचे दिवे पाण्यात उतरतात. सेवेच्या पहिल्या टप्प्यातच या भागात स्टेशनं आली. पहिल्याच दिवशी हात बसवायला ही जागा चांगली. पायी पुलांवर मात्र सायकलवरून उतरून, हातात धरून चालायचं. ज्यांना सायकल येत नाही ते काठाने पायी येऊ शकतात, म्हणजे घर दोन ठिकाणी विभागलं जात नाही.

२. जुमेराचा किनारा. काईट बीचच्या बाजूला एका हाताला समुद्र आणि समोर शिडाच्या आकाराचं बुर्ज अल अरब. किनाऱ्याने १४ किलोमीटरचा मऊ ट्रॅक आहे, पण तो धावणाऱ्यांचा. त्यावर सायकल घालू नका, सायकलचा मार्ग वेगळा आखलेला आहे. जमेल तेवढं जा आणि परत फिरा. वाटेत खाणं, पाणी, स्वच्छतागृह मिळतं, त्यामुळे लहान मुलं असली तरी अडचण येत नाही. याच जुमेरा रोडवर पुढे जुमेरा मशीद आहे, १९७९ साली उघडलेली, पांढऱ्या दगडाची. सायकली परत करून तिथे नमाज पढता येते.

३. नद अल शिबा. मैदान रेसकोर्सजवळ खास सायकलसाठी केलेला हा ट्रॅक आहे. ४, ६ आणि ८ किलोमीटरचे फेरे आहेत, गाड्या अजिबात नाहीत आणि रात्री दिव्यांचा उजेड असतो. चार किलोमीटरचा फेरा सावकाश मारला तरी अर्ध्या तासात होतो. इथे सराव करणारे वेगाने जातात, म्हणून आपण कडेने, एका रांगेत चालवायचं. मुलांना मध्येच थांबू नका असं आधी समजावून सांगा. रमजानात दुबईत असाल तर तरावीहनंतरचा वेळ इथे छान जातो. रोज्यात दिवसा मात्र सायकल नको.

४. अल कुद्रा. शहराबाहेर वाळवंटात गेलेला हा ट्रॅक ८० किलोमीटरपेक्षा लांब आहे. आकडा ऐकून घाबरू नका आणि चढूनही जाऊ नका. आपण पाच किलोमीटर जायचं आणि पाच परत यायचं. दोन्ही बाजूला वाळू, मधून काळा गुळगुळीत पट्टा, आणि नशीब असेल तर लांब शिंगांचे पांढरे ओरिक्स हरण. जवळच मानवनिर्मित तलाव आहेत, तिथे पक्षी येतात. मेट्रो इथपर्यंत येत नाही, गाडी लागते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : जाताना वारा पाठीशी असेल तर सगळं सोपं वाटतं, परतताना तोच वारा तोंडावर येतो. म्हणून दमायच्या आधीच वळायचं.

नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर ‘दुबई राइड’ची तारीख बघून तिकीट काढा. २०२० पासून वर्षातून एका सकाळी शेख झायेद रोड गाड्यांना बंद करून सायकलींना मोकळा करतात. मोठा मार्ग १२ किलोमीटरचा आणि डाउनटाउनमधला कुटुंबांचा ४ किलोमीटरचा. भाग घ्यायला पैसे लागत नाहीत, आधी नाव नोंदवावं लागतं.

कायदा आणि आपली सवय

सगळ्यात मोठा धोका आपल्या सवयीचा आहे. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, दुबईत उजवीकडून. रस्ता ओलांडताना आपली मान आपोआप उजवीकडे वळते, आणि गाडी येते डावीकडून. आमच्या धाकट्याने पहिल्याच चौकात हेच केलं, मामूंनी दंड धरून मागे ओढलं. निघण्याआधी मुलांकडून दोनदा म्हणवून घ्या : आधी डावीकडे बघायचं.

बाकी नियम २०२२ च्या सायकल कायद्यात स्पष्ट आहेत. हेल्मेट घालायचंच. ताशी ६० किलोमीटरपेक्षा जास्त वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर सायकल न्यायची नाही, नेली तर ३०० दिरहम दंड. सुरक्षेची साधनं नसतील तर २०० दिरहम. बारा वर्षांखालच्या मुलाबरोबर अठरा वर्षांवरचा माणूस पाहिजेच. आणि जी सायकल एकाची आहे तिच्यावर दुसऱ्याला बसवायचं नाही. डबलसीट हा आपला जन्मसिद्ध हक्क असला तरी तो विमानतळावरच सोडून यायचा.

हेल्मेट, दुपट्टा आणि अबाया

हेल्मेट इथूनच घेऊन गेलात तर बरं, बॅगेत कपडे त्याच्या आत भरता येतात. हिजाबवर हेल्मेट बसतं, पण जाड गाठ किंवा मागचा अंबाडा असेल तर ते वर उचललं जातं आणि पडल्यावर उपयोगाचं राहत नाही. पातळ, बिनपिनेचा स्कार्फ घाला, केस मानेजवळ सैल बांधा आणि हनुवटीखालचा पट्टा दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा.

दुपट्टा आणि अबायाचा घेर चाकात अडकतो, ही साधी गोष्ट नाही. दुपट्टा कमरेला घट्ट बांधा किंवा पिशवीत ठेवा. अबाया घालायचाच असेल तर कमी घेराचा, घोट्याच्या वर येणारा आणि आत पायजमा. सलवारचा उजवा पायचा साखळीत जातो, त्याला साधं रबर लावा. आम्ही केसांचं रबर लावलं, पुरेसं झालं.

कधी निघायचं

नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात असते हे खरं, पण तेव्हा दुबईत सायकलचा हट्ट नको. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायलाही तिथे कायद्याने बंदी आहे, यावरूनच उन्हाचा अंदाज येईल. उन्हाळ्यात जाणं भागच असेल तर नद अल शिबा, तेही रात्री.

थंडीत सगळ्यात चांगली वेळ फज्रनंतरची. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. फज्र जमाअतीने पढून निघालात की रस्ते रिकामे, हवा गार आणि नाश्त्याच्या वेळेला घरी परत. २०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी असते, त्यामुळे घरचे कामावर जाणारे लोकही बरोबर येऊ शकतात. माणशी एक लिटर पाणी, खजूर, मुलांसाठी जास्तीचा टी-शर्ट आणि फोनला इंटरनेट, एवढं बरोबर असू द्या. इंटरनेट नसेल तर स्टेशनची सायकल सुटतही नाही आणि लागतही नाही.

मामू आणि अम्मी

आता त्या रविवारचं. आम्ही कालव्याच्या काठी सायकली काढल्या. मामू पहिल्यांदा बाजूलाच उभे राहिले. मग सायकलीच्या हँडलला हात लावून म्हणाले, “आमच्या वेळी ब्रेकसुद्धा धड नसायचे.” आणि बसले. पुढची चाळीस मिनिटं ते आमच्यापुढेच होते. वाटेत एका ठिकाणी थांबून त्यांनी समोरची इमारत दाखवली. पाया खणताना ते तिथे कामाला होते. बावीस वर्षांत ती आम्हाला सोडा, त्यांनी स्वतःच्या मुलालाही कधी दाखवली नव्हती.

अम्मी काठाने चालत आली. तिला सायकल येत नाही. गावात तासावर मिळणारी सायकल मामू आणायचे तेव्हा तिला मागे कॅरिअरवर बसवायचे, चालवायला मात्र कधी मिळाली नाही. मुलींनी सायकल शिकावी असं तेव्हा घरात कुणाला वाटलंच नाही. मामूंना सायकलवर बघून ती म्हणाली, “मला बसव ना मागे, पहिल्यासारखं.” नियम आड आला.

दोन दिवसांनी मामूंनीच तोडगा काढला. दुबईच्या काही मोठ्या उद्यानांत चार चाकांची पायडल-गाडी भाड्याने मिळते, दोन माणसं शेजारी बसून दोघंही पायडल मारतात. तोल सांभाळायचा प्रश्नच नाही. ज्यांच्या घरात वयस्क माणसं आहेत किंवा कुणाला सायकल येत नाही, त्यांनी हा पर्याय जरूर विचारात घ्यावा. ही गाडी उद्यानाच्या आतच चालवायची असते आणि भाडं वेळेवर असतं.

डाव्या बाजूला अम्मी, उजव्या बाजूला मामू. पहिल्या वळणावर अम्मीने पायडल उलटं मारलं आणि दोघं हसत सुटले. अर्धा तास संपला तेव्हा मामूंनी पुन्हा पाकीट काढलं. या वेळी अम्मीने त्यांचा हात धरला आणि पैसे स्वतः दिले. “लहानपणी तासाचे पैसे तूच भरायचास,” ती म्हणाली.

आम्ही परत आलो त्याला आता काही महिने झाले. मामूंच्या मुलाचा निरोप येतो, थंडीतल्या रविवारी बाप-लेक फज्रनंतर कालव्यावर जातात. अम्मीने आमच्या मुलीची सायकल अंगणात मागून घेतली आहे. अजून तोल जातो, मागून कुणीतरी सीट धरावं लागतं. पण पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह, स्टेशनवरून पाच पास घ्यावे लागतील असा आमचा अंदाज आहे.